अनुभव धागा: पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार) असलेल्या जोडीदाराला सांभाळताना, सोलापूरकरांनो लिहा

जुळे सोलापूरची
आमचे हे ट्रक चालवायचे. 2019 साली हैदराबाद रोडला समोरासमोर धडक झाली. क्लीनर यांच्या डोळ्यांदेखत गेला. एकवीस वर्षांचं पोरगं, आमच्याकडेच जेवायचं. तेव्हापासून यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. रात्री दीड-दोनला दचकतात, उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा ताठ होतो. सोलापुरी चादर वर्षानुवर्षं फाटत नाही, आमची पायथ्याशी टाचेच्या जागी विरली आहे.

तीन डॉक्टर झाले. परवा शेवटचे म्हणाले, "वहिनी, माझ्याकडची औषधं आता संपली." रिक्षात बसून रडले. सासरच्यांना वाटतं यांनी मनावर घेतलंय, एवढंच. ज्यांच्या घरात असं आहे त्यांनी लिहा, काय केलंत, काय चुकलं. बाहेरचं बघणाऱ्यांचे पत्ते नकोत, ते सगळं करून झालंय.

पूर्वभाग
ताई, माझी बायको किल्लारीकडची. 30 सप्टेंबर 1993 ला आठ वर्षांची होती. आदल्या दिवशी गणपती बुडवले आणि पहाटे चारच्या आत भूकंपात घर अंगावर आलं. ती दाराजवळच झोपायची, कडी लावू द्यायची नाही. मला वाटायचं अंधाराला भिते.

आमचा कारखाना खाली, घर वर. माग सुरू झाले की फरशी थरथरते. माझ्यासाठी ते पोटापाण्याचं थरथरणं, तिच्यासाठी रोज तीच पहाट. हे कळायला मला नऊ वर्षं लागली, याचं फार वाईट वाटतं. कळल्यावर दोन बोळ सोडून भाड्याची खोली घेतली.

सर्ट्रालिन झालं, पॅरॉक्सेटिन झालं, या दोन्ही गोळ्यांनी निम्मा फरक. मग ऑनलाइन भेटलेल्या मानसतज्ज्ञ बाईंनी विचारलं, त्या आठवणीवर उपचार कधी झालेत का? झालेच नव्हते. आम्हाला मिळाल्या त्या गोळ्या आणि "विसरून जा". मग तो उपचार सुरू केला. दर आठवड्याला डोळे मिटून ती पहाट आत्ता घडतेय अशी सांगायची आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. पहिले तीन आठवडे हाल झाले. मी म्हणालो बंद करू. तीच म्हणाली, "राहू द्या, मला शेवटपर्यंत जाऊ द्या." अजून दाराजवळच झोपते, पण कडी लावते.

फौजीची बायको
आमच्या यांना झोपेसाठी अल्प्राझोलाम सुरू झालं ते आठ वर्षं चाललं. नवीन डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात ही गोळी मूळ दुखण्यावर काम करत नाही, सवय मात्र लावते. पण एकदम बंद करायची नाही. आमची कित्येक महिन्यांत थोडी थोडी उतरवली. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं. ते मुळात बीपीचं औषध, त्यामुळे पहिल्या रात्री उठताना चक्कर आली. आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, मग उभं करायचं.

आणि दचकले की हलवून उठवू नका. दिवा लावा, पायांकडे उभ्या राहा आणि हाक मारा. माझा हात एकदा मोडलाय. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, तो अर्धवट जागेपणा होता.

होटगी रोड
आम्ही उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूला निमहान्सला, मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथे पहिला प्रश्न होता, कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती दिवस? आम्हाला आठवेना. औषधं संपली म्हणण्याआधी हा कागद करा. डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर ही पद्धतही विचारा. आणि एमडीएमए या नशेच्या द्रव्याने हा आजार बरा होतो असे व्हिडिओ बघून आस लावून बसू नका, अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट 2024 मध्ये त्याला मंजुरी नाकारली.

बार्शीची लेक
ताई, तुम्ही किती तास झोपता ते लिहिलंच नाही. मी दोन महिने माहेरी जाऊन राहिले होते, दिरांना यांच्यापाशी ठेवून. लोक बोलले. पण नसते गेले तर मीच अंथरूण धरलं असतं. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तो स्वतःसाठी. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एक मात्र सांगते. "मी नसतो तर तुम्ही सुखी असता" असं ते म्हणाले तर विषय बदलू नका. जिवाचं काही मनात आहे का, सरळ विचारा. विचारल्याने तसं काही डोक्यात येत नाही. घरातलं फवारणीचं औषध, जास्तीच्या गोळ्या हलवा. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच रात्री सिव्हिलला न्या.

जुळे सोलापूरची
सगळ्यांचं परत परत वाचलं. कागद केला, जुन्या पावत्या काढून. पाच औषधांपैकी दोन पंधरा दिवसांत सोडलेली, एक पित्त वाढलं म्हणून, एक गुंगी येते म्हणून. आणि आठवणीवरचा उपचार शून्य. डॉक्टरांनी कागद शांतपणे वाचला. म्हणाले, "हे मी आधीच विचारायला हवं होतं." मानसतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. मी साडेचार तास झोपते, बार्शीच्या ताई. वन्सं आठवड्यातून दोन रात्री येते म्हणाल्या.

आता गड्डा, आपली सिद्धेश्वराची जत्रा आलीय. गेल्या वर्षी होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं तसे हे न्हाणीघरात नळ सोडून बसले, ते बादली भरून वाहिली तरी उठेनात. यंदा त्या संध्याकाळी मोहोळला नणंदेकडे जायचं ठरवलंय. यांना विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एसटीने जाऊ. पण ड्रायव्हर दिसणार नाही अशी सीट बघ."