घरी रंगवलेल्या कापडाचा फ्रॉक, ड्रेस, काहीही : तुमचे किस्से लिहा

पडवी

परवा सुतारकाका आले होते. मागचं दार पावसात फुगून बसतं, दरवर्षीचं रडगाणं, ते रंधून घ्यायचं होतं. दार फणसाचं. रंध्याची सालपटं खळ्यात पडली, वर एक सर येऊन गेली, आणि संध्याकाळी केर काढायला गेले तर लेकाचा पांढरा मोजा त्या ढिगात पडलेला, एका बाजूने पिवळा झालेला. धुतला तरी गेला नाही. आणि मला एकदम १९८६ सालचा मे महिनाच आठवला.

तेव्हा वाडीत एका घराचं काम चाललं होतं, फणसाचे वासे कापत होते. आईने तिथून गोणीभर भुसा आणला. मला वाटलं चुलीत घालायला. तर नाही, बाईसाहेबांना माझा फ्रॉक रंगवायचा होता. दुकानात छापील कापड महाग, मांजरपाट, म्हणजे कोरं जाडंभरडं सुती कापड, स्वस्त. अडीच वार मांजरपाट आणलं, आधी धुण्याच्या सोड्यात उकळलं खळ जायला, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवलं, मग तुरटीच्या पाण्यात रात्रभर. भुशाची जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधून न्हाणीतल्या चुलीवर मोठ्या टोपात दुपारभर उकळत ठेवली. वास अजून आठवतो, ओल्या लाकडाचा, फणसाचा नव्हे. कापड बाहेर काढलं तर असा पिवळा, की आजी म्हणाली, "अगं एवढी हळद कशाला घातलीस?"

मशीन आमच्याकडे नव्हतं, शेजारच्या वहिनींचं हातमशीन. मी हँडल फिरवायची, आई कापड सरकवायची, मी मध्येच जोरात फिरवलं की "बोट जाईल माझं, भवाने!" चुण्यांचा घेर, फुग्याच्या बाह्या, पुढे एक खिसा, मागे बो. आणि उजवी बाही डावीपेक्षा चांगली गडद! आई म्हणाली टोपात नीट ढवळलं गेलं नाही. शाळेत पोरींनी नाव ठेवलं "कावीळ". मी तो फ्रॉक दोनदा घातला आणि तिसऱ्यांदा मुद्दाम करवंदीच्या जाळीत शिरून फाडला. आईला कळलं असणार, बोलली नाही काही.

तर तुम्ही, तुमच्या आईने, आजीने कधी घरी कापड रंगवून शिवलंय का? फसलेलं आधी लिहा.

सुईदोरा

फसलेलं म्हणतेस तर माझाच नंबर पहिला. लॉकडाउनमध्ये पांढरा कॉटनचा कुर्ता शिवला, छान जमला, मग वाटलं मरून रंगवू या, पुडी होतीच घरात. गरम पाणी, मीठ, अर्धा तास ढवळणं, सगळं नियमाने. कुर्ता मस्त मरून झाला आणि शिलाई पांढरीच्या पांढरी. दोरा पॉलिएस्टरचा होता ना. प्रत्येक टाका मोजता येत होता, गळ्याची वाकडी शिलाई तर लांबून दिसायची. नवरा म्हणाला ब्लॅकबोर्डवर खडूने ड्रेस काढलाय. तेव्हापासून आधी रंग मग शिवण, आणि शिवणार असाल नंतर रंगवायला तर सुती दोरा. लिहून ठेवा.

तिसरी लाट

फोटो??

पडवी

फाटला म्हटलं ना गं 😀 करवंदीला विचार.

काजूबोंडू

आमच्याकडे वेगळा रंगवूची गरजच नाय. मे म्हयन्यात काजीत गेलास की फ्रॉक आपोआप रंगता. बोंडाचो रस सुकलो की असो काय तपकिरी डाग पडता, आवस म्हणा, "ह्यो डाग तू मेलंस तरी जावचो नाय." मियां पाचवीत असताना अख्खो फ्रॉक डागांनी भरलो तेव्हा आवशीन वैतागान उरलेली जागा पण बोंडाच्या रसात बुडवल्यान आणि "आता डाग दिसना नाय" म्हणान तोच घालूक दिल्यान. डिझायनर होती माझी आवस, मालवणात कोणाक कळला नाय इतक्याच.

सुईदोरा

😂😂 हे भारी. काजूबोंडू तुमच्या आवशीक दंडवत.

बंदरावरचा

शिवणातलं मला काही कळत नाही, पण रंगाचं लिहितो. आमचं घर हर्णैचं. नायलॉन यायच्या आधी जाळी सुती असायची आणि खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालींच्या काढ्यात उकळून काढायचे, सगळी लाल तपकिरी दिसायची. मी नाही पाहिलं, आजीकडून ऐकलंय. ती म्हणायची की जाळी काढल्यावर काढा फेकायचा कशाला, म्हणून आजोबांची जुनी धोतरं त्यात बुडवायची आणि त्यांच्या पोरांच्या चड्ड्या शिवायची. हातशिलाई, डबल टीप. माझे वडील आणि तीन काका, चौघे एका रंगात, बंदरावर कुठेही पळाले तरी ओळखू यायचे म्हणे. त्या चड्ड्या फाटायच्याच नाहीत. काका म्हणतात वास मात्र जायचा नाही, पण त्यात चड्डीची चूक किती आणि काकाची किती हे सांगता येत नाही.

रातांबा

माझं आयडीच सांगतंय काय केलं असेल ते. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. त्याचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, काढल्यावर उरलेल्या सालांचा लाल रंग बघून वाटलं अरे काय सुंदर, ओढणी करू. मलमल घेतली, रंगवली, काय गुलाबी आली म्हणून सांगू, चार मैत्रिणींना दाखवली. कडेला उरेप (तिरकी कापलेली) पट्टी लावली हाताने, दोन दिवस खपून. पहिल्याच धुण्यात साबण लागला आणि गुलाबीची राखाडी निळसर झाली, जिथे साबण जास्त तिथे हिरवट. बुरशी आल्यासारखी. आईने लिंबू पिळून बघितलं, थोडी गुलाबी परत आली, मग उन्हात तीही गेली. आता त्या ओढणीने मिक्सर पुसते.

पण आगळ मस्त झालं होतं त्या वर्षी.

लिटमस

शाळेत विज्ञान शिकवते म्हणून राहवत नाही, सॉरी. कोकमाचा रंग आम्ल-अल्कलीप्रमाणे बदलतो, साबण अल्कली, म्हणून निळसर. हळदीचंही तसंच, साबणाने लाल, लिंबाने परत पिवळी. शिवाय हळदीचा रंग उन्हात उडतो. फणसाच्या लाकडाचा त्यामानाने टिकतो, थायलंड-म्यानमारकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं परंपरेने फणसाच्या लाकडात रंगवतात. पण सुती कापड तुरटीला नुसतं नीट धरत नाही, आधी हिरडा लागतो, त्यातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. पडवीताई, तुमच्या आईने क्रम अगदी बरोबर केलाय, कुठे शिकल्या? साधारण १०० ग्रॅम कोरड्या कापडाला १५-२० ग्रॅम तुरटी.

एक शंका आहे पण आता तास आहे, नंतर लिहिते.

भरतीओहोटी

लिटमस बाई असं मध्येच सोडून जाऊ नका 😀

मी निळा ड्रेस करायला कपड्यांना घालायची नीळ वापरली होती. अख्खी. पाकीटभर. लग्न झालेलं नवीन, सासरी गुहागरला, सासूबाईंसमोर "मी घरीच रंगवते हो" म्हणून शायनिंग. ड्रेस शिवला, गणपतीत घातला, आरतीला घाम आला आणि बगलेपासून कमरेपर्यंत ओघळ. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आत जा आणि साडी नेस." पुढे तीन गणपती मला तेच ऐकवत होते सगळे.

लिटमस

मधली सुट्टी. ती नीळ धाग्यात शिरत नाही, वरवर बसते. खरी नीळ म्हणजे इंडिगो, त्याची आंबवलेली कुंडी लागते, कापड बाहेर काढल्यावर हिरवट दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं.

शंका अशी : ढवळलं नाही तर कापडावर ढगढग येतात, पट्टे येतात. अख्खी एक बाही एकसारखी गडद कशी येईल? कापड तर कापायच्या आधी रंगवलं ना? मग ती बाही वेगळ्या कापडाची असणार. वापरून धुवून मऊ झालेलं सुती कापड कोऱ्यापेक्षा जास्त रंग पितं, कोऱ्यात खळ थोडीफार राहतेच. आईंना विचारा.

पडवी

अय्या. हा विचार इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नाही. आई झोपलीय आत्ता, उठली की विचारते.

घावणं

आमच्या मातोश्रींनी फणसाचाच प्रयोग केला होता, पण टोपाऐवजी फणसपोळीची काईल, म्हणजे मोठी कढई, वापरली. लोखंडी. हिरड्याचं कापड त्यात पडल्यावर दहा मिनिटांत शाईसारखं काळपट. पिवळा परकर करायचा होता बहिणीच्या साखरपुड्याला, झाला शेवाळी-काळा. आईने काय करावं, काठाला जुन्या पैठणीचा तुकडा लावला आणि सांगितलं हाच रंग हवा होता. आणि खरं सांगतो, त्या दिवशी सगळ्यात जास्त चौकशी त्या परकराचीच झाली. आजी मात्र काईल बाटवली म्हणून आठ दिवस बोलत नव्हती.

सुईदोरा

घावणं, काठाला पैठणी म्हणजे परकराला फॉल कसा लावला? की आतून अस्तर?

घावणं

मी पुरुष आहे हो ताई, मला एवढंच आठवतंय की ती रात्रभर पायमशीन चालवत होती आणि मला झोप येत नव्हती. मशीनची वादी, म्हणजे चाकाचा पट्टा, तुटली मध्येच तर माझ्या दप्तराचा पट्टा कापून लावला. माझ्या!! ते अजून सलतंय.

तिसरी लाट

वादीवरून आठवलं, चिपळूणला जुनी मशीन रिपेअर करणारं कोणी आहे का अजून? आईचं पायमशीन २०२१ च्या पुरात बुडालं होतं, धुवून पुसून तेल घातलं पण शटल फिरत नाही. भंगारवाला ३०० देतो म्हणतोय, जीव होत नाही.

भरतीओहोटी

देऊ नकोस! रॉकेलमध्ये शटल आणि बॉबिन केस दोन दिवस बुडवून ठेव, मग मशीनचं तेल, आणि चाक हाताने मागेपुढे, जबरदस्ती नाही. माझं असंच सुटलं. आता रॉकेल कुठून आणशील ते माहीत नाही, डिझेल चालेल बहुतेक.

तिसरी लाट

थँक्यू गं, बाबांच्या गाडीतून काढते थोडं 🙈

काजूबोंडू

गाडी बंद पडली की बाबांक सांग कापड रंगवतंय.

बांधणीवाली

सगळ्यांचं वाचून हिंमत झाली. मी रत्नागिरीला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बांधणी शिकले, रुमालात चिंचोके बांधून. पाच वर्षांपूर्वी लेकीला मॅक्सी ड्रेस शिवायचा म्हणून चार मीटर कॉटन घेतलं, तीनशेच्यावर गाठी बांधल्या, टीव्हीसमोर बसून, बोटांना घट्टे. रंग ए वन आला. पण कापड आधी धुवून आटवून घ्यायचं विसरले. कापलं, शिवलं, घातला, धुतला आणि मॅक्सीची मिडी झाली. लेक म्हणाली आई ट्रेंडमध्ये आहे, रडू नकोस. नंतर खाली काळी झालर लावली. आणि गाठींच्या गोलांत अधूनमधून चिंचोक्याचा तपकिरी ठिपका आलाय, आधी धुतले नव्हते ना चिंचोके. आता लोक विचारतात हा डबल डाय कसा केला. मी सांगत नाही.

जुलैत केलं होतं, तेही चुकलंच. वाळेना. दोन दिवस माजघरात दांडीवर, खाली पंखा, तरी कुबट. कोकणात रंगवायचं तर मार्गशीर्ष ते वैशाख, बाकी देवावर हवाला.

रातांबा

जुलैत तर आमची माणसं वाळत नाहीत.

गणपतीचं तिकीट मिळालं का कोणाला? आमचं वेटिंग ११२.

घावणं

वेटिंग ११२ म्हणजे एसटी धरा ताई.

पडवी

आई उठली. चहा झाला. विचारलं.

लिटमस बाई, तुमचा तास फुकट गेला नाही. बाही वेगळ्या कापडाचीच. अडीच वार पुरायला हवं होतं, पण त्या वर्षी मी वाढले एकदम आणि आईने घेर कमी करायचा नाही असं ठरवलं होतं, चुण्या भरपूर हव्या होत्या तिला. मग एका बाहीपुरतं कापड कमी पडलं. दुकानात अर्धा वार आणायला परत जायचं तर तिच्या डब्यात पैसे नव्हते, आणि आप्पांकडे, म्हणजे आजोबांकडे, मागायचे नव्हते. तर आजीने आप्पांच्या धोतराचा एक तुकडा काढून दिला, धुवून धुवून सायीसारखा मऊ झालेला, आणि तो त्याच टोपात टाकला. हिरड्याचं आजीला माहीत होतं, ती लहानपणी तिच्या आजीकडे शिकलेली. म्हणजे "एवढी हळद कशाला घातलीस" हे आजी सगळं माहीत असून आईला चिडवत होती!! मी इतकी वर्षं आजीला काही कळत नव्हतं असं समजत होते.

आप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचं धोतर माझ्या बाहीत होतं.

मी म्हटलं, "अगं मग ढवळलं नाही असं का सांगितलंस?" तर आई काय म्हणाली माहितीये? "धोतराची बाही म्हटलं असतं तर दोनदा तरी घातला असतास का?"

आणि करवंदीचं पण माहीत होतं तिला. खिसा काढून ठेवलाय म्हणे कुठेतरी, कपाटात शोधतेय आत्ता, मला हात लावू देत नाहीये.

तिसरी लाट

आता तरी फोटो टाका.

काजूबोंडू

आधी कपाट आवरूक होया. मागे एकदा माझ्या आवशीच्या कपाटात २००३ ची रेशनकार्डाची झेरॉक्स सात वेळा गावली.

पडवी

खिसा नाही मिळाला अजून. माझ्या बारशाचं टोपडं, एक सुटं बॉबिन आणि वहिनींची परत करायची राहिलेली कात्री मिळाली. सुतारकाका गुरुवारी परत येणारेत दाराला कडी लावायला, भुसा गोणीत भरून ठेवा म्हटलंय. मांजरपाट दापोलीत मिळेल ना अजून?