एपीएसमध्ये मलेरियाची गोळी कशाला? मदत हवी आहे, तातडीने

नीलमोहर: धाकट्या बहिणीला एपीएस (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, यात रक्ताच्या गुठळ्या होतात) आहे, पायात गुठळी झाल्यापासून वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे. आता जोडीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू केलं. ही तर मलेरियाची गोळी! आणि लगेच आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) ४.८ आला. हिच्यामुळेच ना? बंद करू का? डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नाहीत.

कृष्णाकाठ: मनाने काहीही बंद करू नका. आयएनआरचं टार्गेट किती दिलंय? २ ते ३? एपीएसच्या तीन अँटीबॉडींपैकी (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) कुठल्या पॉझिटिव्ह आहेत? १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्या का? हिरड्यांतून रक्त, काळी शी, जोराची डोकेदुखी यातलं काही असेल तर आत्ता कॅज्युअल्टीत न्या.

नीलमोहर: रक्त कुठूनच नाही. तिन्ही पॉझिटिव्ह, दोनदा तपासल्या. टार्गेट २ ते ३. पण गोळीचं सांगा ना.

आनंदयात्री७: माझ्या काकांना रिव्हरोक्साबान ही रक्त पातळ ठेवायची दुसरी गोळी दिलीय, आयएनआरची कटकटच नाही. तेच मागून घ्या.

कृष्णाकाठ: काकांना एपीएस आहे का? तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांवर इटलीत झालेल्या अभ्यासात रिव्हरोक्साबानवाल्यांना जास्त गुठळ्या झाल्या, म्हणून तो मध्येच थांबवला. निकाल २०१८ मध्ये आले. असा सल्ला देऊ नका हो.

आनंदयात्री७: अनुभव सांगितला फक्त.

वनौषधी_प्रेमी: गुळवेलीचा काढा द्या, प्रतिकारशक्ती वाढते.

डॉ_पॅथॉलॉजी: इथे प्रतिकारशक्तीच अंगावर उलटली आहे, ती आणखी कशाला चेतवायची? गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.
नीलमोहर, वॉर्फरिन यकृतात व्हिटॅमिन केवर चालणारे गोठण-घटक कमी करतं, पण मूळ भांडण तसंच राहतं. या अँटीबॉडी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना चिथावतात. त्या पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, त्यात प्लेटलेट अडकतात आणि गुठळी धरते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही चिथावणी शांत करतं, पण सावकाश, महिनोन् महिने. आयएनआर एकदम चढवणं त्याचं काम नाही. दुसरं काही नवीन चालू आहे का?

सई_ठाणे: माझ्या आईला संधिवातासाठी हीच गोळी आहे. २०२० मध्ये कोविडच्या धांदलीत कुठल्याच मेडिकलमध्ये मिळेना, वणवण केली. डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासून घ्या हं.

नीलमोहर: दुसरं काही नाही. दाढेला सूज आहे, त्यासाठी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू आहे. पण ते दाताचं, त्याचा काय संबंध?

डॉ_पॅथॉलॉजी: त्याचाच संबंध! मेट्रोनिडाझोलमुळे वॉर्फरिन शरीरात साठत जातं. आजच हॉस्पिटलच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करा, दोन्ही औषधांची नावं आणि आयएनआर सांगा. दातवाल्यांनाही वॉर्फरिनचं कळवा. दुखलं तर आयब्रुफेन नको.

वनौषधी_प्रेमी: मेथी, पालक तर बंदच करा.

कृष्णाकाठ: बंद नाही, रोज साधारण सारखं खायचं. एकदम सोडलं तर आयएनआर आणखी चढेल.

नीलमोहर: फोन झाला. आजचं वॉर्फरिन द्यायचं नाही, उद्या सकाळी पुन्हा रक्त द्यायचंय. अँटिबायोटिक बदलून दिलं. मलेरियावाली चालूच ठेवायला सांगितलीय.