नळीत गर्भ राहिला, डॉक्टर म्हणतात इंजेक्शन देऊ. ऑपरेशन नाही लागत का?

झरीची_पोर:
वहिनीची पाळी चुकली, घरी टेस्ट पॉझिटिव्ह आली पण थोडं थोडं रक्त जाऊन राहिलं म्हणून वणीले नेलं. आतून सोनोग्राफी केली तर पिशवी रिकामी, गर्भ उजव्या नळीत. डॉक्टर म्हणे नळी फुटली नाही, इंजेक्शन देऊन पाहू. आजी लई घाबरली, तिच्या नणदेची पोट उघडून नळीच काढली होती. इंजेक्शननं खरंच भागते का?

सिस्टर_वॉर्ड:
आजी बरोबरच सांगते ताई, तवा नळी फुटल्यावरच समजायचं, बाई पांढरीफटक अन् पोटात रक्त. 1883 मध्ये इंग्लंडात लॉसन टेट नावाच्या सर्जननं फुटलेली नळी काढून बाई वाचवली, त्याआधी बहुतेक बाया जायच्याच, अन् पुढं जवळपास शंभर वर्षं तेच ऑपरेशन चाललं. मग रक्ताची बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची तपासणी) आली, आतून सोनोग्राफी आली, अन् नळी फुटायच्या आधीच दिसाले लागलं म्हणून तर औषधाले वेळ भेटला. 1982 मध्ये जपानात तनाका अन् त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलं, तेच हे इंजेक्शन, मूळचं कॅन्सरचं औषध, भराभर वाढणाऱ्या पेशी थांबवते. पण गर्भाचे ठोके नसले, बीटा फार वाढलेलं नसलं अन् बाईची तब्येत स्थिर असली तरच. चौथ्या अन् सातव्या दिवशी बीटा पुन्हा करा, या दोन्हीत निदान 15 टक्के उतरलं पाहिजे, नाहीतर दुसरं इंजेक्शन किंवा दुर्बिणीचं ऑपरेशन. मग बीटा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याले तपासा. हे चुकवू नका, इंजेक्शन घेऊन घरी बसणं लई धोक्याचं आहे.

चिमूरवाली:
मलेही हेच इंजेक्शन दिलं होतं. गावी नाही गेली, मावशीकडे वर्ध्याले राहिली, कारण आमच्याकडून रात्री गाडी भेटत नाही. वहिनीलेही दवाखान्याजवळ ठेवा बाई.

झरीची_पोर:
वणीत आत्या आहे, तिथं ठेवतो. आशाताईनं दिलेल्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

सिस्टर_वॉर्ड:
आयर्न-फॉलिकच्या असतील तर बंद, फॉलिक ॲसिड या औषधाच्या उलट काम करते. दुखल्यावर मनानं गोळी देऊ नका, डॉक्टरले विचारा. रक्तगट निगेटिव्ह असला तर अँटी-डी बद्दल (पुढच्या गर्भाले रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन) विचारून घ्या. पुढचा गर्भ निदान तीन महिने नको. अन् पोटात एकदम जोरात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली तर सकाळची वाट पाहू नका, 108 ले फोन करा अन् पहिलेच सांगा की नळीत गर्भ आहे, इंजेक्शन चालू आहे.