मड खेळातली पात्रं पुसावीत का? आपल्या सोलापूरकरांचं मत हवंय

नवीपेठकर : ॲडमिनने विचारलंय, खेळाडू आटलेत, तर सगळी पात्रं पुसून सगळ्यांनीच पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचं का? माझं मत, अजिबात नको.

मड म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांसाठी: ऑनलाइन खेळ, चित्र नाही, नुसता मजकूर, आणि एकाच जगात अनेक खेळाडू. पहिला मड १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केला, पुढे रिचर्ड बार्टलने वाढवला.

आपला रोग वेगळाय. रात्री साडेआठला लॉगिन करून 'हू' टाका, म्हणजे कोण कोण खेळात आहे ते दिसतं. तीन नावं, त्यातली दोन तासभर हललेली नसतात. तेव्हा इंग्लंडात दुपार असते आणि न्यूयॉर्कात सकाळ, तिकडचे खेळाडू कामावर. नवा माणूस चौकात येतो, 'हॅलो' लिहितो, उत्तर येत नाही, निघून जातो. पात्रं पुसून हे कसं सुधारणार?

मी म्हणतो, रविवारी रात्री साडेआठ ही वेळ पक्की करा. सुट्टी असल्याने तिकडचेही येऊ शकतात. गड्ड्याच्या जत्रेला गर्दी होते कारण सगळे त्याच दिवसांत येतात.

सातरस्ता : दादा, वेळ ठरवा की, कोण नको म्हणतंय? पण आल्यावर नव्याने करायचं काय? तुम्ही सगळे वरच्या लेव्हलला, तो खाली एकटाच उंदीर मारत बसणार. तुम्ही मदतीला जाता म्हणजे एका घावात सगळं साफ करून येता. त्याच्या हाताला काही लागतच नाही. बाजाराचंही तेच. जुन्यांकडे सोन्याचे ढीग पडून आहेत, नव्याने कष्टाने मिळवलेली तलवार लिलावात कोणी विचारत नाही. पुसलं की सगळे एका रांगेत येतील, एकमेकांची गरज लागेल.

नवीपेठकर : आणि दोन महिन्यांनी परत तीच उतरंड. मधल्या काळात वर्षानुवर्षं जपलेलं पात्र गेलं म्हणून जुने कायमचे जातील ते वेगळंच. नव्याला वाट दाखवणारी हीच माणसं आहेत बे.

कान_उघडे : मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून खेळतो. त्यामुळे माझं उत्तर दोघांनाही पटायचं नाही. माझी लेव्हल गेली तर जाऊ दे, परत मिळवीन. खोल्या आणि वाटा मात्र तशाच राहायला हव्यात. देवळापासून बंदरापर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, दोन उत्तर, एक पूर्व, मग खाली.

नवे लोक खेचायला चिन्हांचा नकाशा कायम दाखवायचा, असं मध्यंतरी निघालं होतं. स्क्रीन रीडर त्यातली टिंबं-रेघा एकेक करून वाचत बसतो, तोवर लढाईत मेलेलो असतो. नकाशा आणा, पण बंद करायची कमांड पहिल्याच पानावर द्या. तसंच लढाईच्या ओळी कमी करणारी सोय हवी. आमच्यासारख्यांना बरोबरीने खेळता येतील असे ऑनलाइन खेळ फार थोडे आहेत. आम्ही इथे टिकून राहतो, आणि आमचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

सातरस्ता : हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पण मग पुसायला तुमची हरकत नाही ना?

कान_उघडे : नाही. एकच अट, नकाशाची कमांड आधी, पुसणं नंतर.

नवीपेठकर : कमांडसाठी आजच ॲडमिनला लिहितो. पुसण्याच्या मतदानात मात्र मी 'नको'च टाकणार.