मॅसिव्ह अटॅक, ब्रिस्टलच्या भिंती आणि एक प्रश्न

निळी_रेघ

मंडळी, हा धागा संगीतात टाकू का चित्रकलेत ते ठरेना, शेवटी संगीतात टाकलाय, संपादकांना वाटलं तर हलवा.

नोकरीसाठी ब्रिस्टलला येऊन बरीच वर्षं झाली. मॅसिव्ह अटॅक हा बँड मला लागला तो मात्र पुण्यात, हॉस्टेलला. एका सिनियरकडे त्यांचा 'मेझानीन' अल्बम होता आणि तो रात्री दिवे घालवून ऐकत बसायचा, आम्हाला वाटायचं याचं काहीतरी बिनसलंय, मग हळूहळू आम्हीही दिवे घालवायला लागलो. हे लोक कुठल्या गावचे वगैरे तेव्हा कोणाला पडलेली. इथे आल्यावर कळलं की त्यातला थ्रीडी, म्हणजे रॉबर्ट डेल नाया, हा गाण्याच्या आधी भिंती रंगवायचा. हौस म्हणून एखादी नाही, 1983 च्या आसपास ब्रिटनमध्ये स्प्रेचे डबे घेऊन रात्री बाहेर पडणारी जी पहिलीवहिली पोरं होती त्यातला हा एक, पोलिसांनी पकडूनही झालंय. बँक्सीने (भिंतींवर स्टेन्सिलने चित्रं काढणारा, खरी ओळख लपवून ठेवलेला चित्रकार) स्वतः सांगितलंय की लहानपणी रस्त्यावर थ्रीडीची कामं बघितली आणि तिथून डोक्यात किडा शिरला. (थ्रीडी म्हणजेच बँक्सी ही थिअरी प्लीज इथे काढू नका, 2016 ला पेपरांत गाजून झाली, तो नाही म्हणालाय, आणि आमच्या ऑफिसच्या प्रत्येक पार्टीत कोणीतरी ती काढतंच.)

मला भारी काय वाटतं सांगू, त्या काळात गाणं वेगळं आणि भिंत वेगळी असं काही नव्हतंच. वाइल्ड बंच म्हणून साउंड सिस्टीमवाल्या पोरांची टोळी होती, पार्क रो वरचा डग आउट क्लब, सेंट पॉल्सचा कार्निव्हल, जिथे जागा मिळेल तिथे रेकॉर्डी लावायचे. त्यातूनच पुढे मॅसिव्ह अटॅक निघालं, ट्रिकी पण त्यातलाच. 1985 ला आर्नॉल्फिनी गॅलरीत ग्राफिटीचं प्रदर्शन झालं तर भिंतीवर थ्रीडी आणि बाकीची पोरं, आणि वाजवायला वाइल्ड बंच! आणि कान देऊन ऐकलं तर हे गाण्यातही आहे हो. 1991 चा त्यांचा 'ब्लू लाइन्स' अल्बम घ्या, ड्रम एका जुन्या रेकॉर्डीतून उचललाय (यालाच सॅम्पल म्हणतात), बेस दुसरीकडून, होरेस अँडीसारखा जमैकाचा मुरलेला गायक एका गाण्यात, पुढच्यात हे स्वतः पुटपुटल्यासारखे रॅप करतायत. स्टेन्सिलवाला हेच करतो ना, छाप कापून तयार ठेवायचा आणि भलत्याच भिंतीवर मारायचा. कव्हरवरची ती ज्वाला पण स्टिफ लिटल फिंगर्स या पंक बँडच्या कव्हरवरून घेतलेली.

आता तक्रार. स्टोक्स क्रॉफ्टला बँक्सीचं 'माइल्ड माइल्ड वेस्ट' आहे, 1999 चं, टेडी बेअर ढालवाल्या पोलिसांवर पेट्रोल बॉम्ब फेकतोय. त्याच्यासमोर आता गाइड आणि कॉफीचे कप. बेडमिन्स्टरला अपफेस्ट हा स्ट्रीट आर्टचा उत्सव भरतो, सगळं परवानगीने, लोक लेकरांना खांद्यावर घेऊन येतात. मी पण जातो आणि मजा येते, खोटं कशाला बोलू. पण तिथे आणि एकूणच सगळीकडे हल्ली गायकांचे चार मजली चेहरे काढतात ना, हुबेहूब, डोळ्यांतली चमक वगैरे, ते बघून मला आतून काहीच होत नाही. आपल्याकडे चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो तसं वाटतं, फक्त रंग महागाचे.

तर प्रश्न असा, की आवडत्या कलाकाराचं चित्र भिंतीवर बघणं आणि त्याने (किंवा त्याच्या गल्लीतल्यांनी) स्वतः रंगवलेली भिंत बघणं, तुम्हाला काय जवळचं वाटतं? आणि आपल्याकडे असं गाणं-भिंत एकत्र कुठे आहे का? शिवाय मामेभाऊ उन्हाळ्यात येतोय, त्याला काय दाखवू तेही सुचवा, इथे राहून मला आता काही दिसेनासं झालंय.

---

चाळीतला_बेस

भावा काय आठवण काढलीस. 'ब्लू लाइन्स' मधल्या 'अनफिनिश्ड सिम्पथी' वर कोणी बोलणार नसेल तर मी बोलतो. त्यात ती जी 'हे हे हे' अशी हाक सारखी येते ना, ती महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या 'प्लॅनेटरी सिटिझन' मधून उचललेली आहे, 1976 च्या 'इनर वर्ल्ड्स' मधलं गाणं. महाविष्णू म्हणजे जॉन मॅक्लॉफ्लिन, आणि मॅक्लॉफ्लिन म्हणजे शक्ती हा बँड, आणि शक्ती म्हणजे आपले माहीमचे झाकिरभाई. म्हणजे धागा बघ कुठून कुठे गेला. मला हे कळलं त्या दिवशी मी बायकोला उठवून ऐकवलं, ती म्हणाली बरं, झोप आता.

आणि त्या गाण्यातली व्हायोलिनं खरी आहेत, अख्खा ऑर्केस्ट्रा बसवलाय, त्याच्या खर्चापायी यांनी गाडी विकली होती. शारा नेल्सनचा आवाज तर सोडच. पोरं मशीनवर गाणी जुळवणारी, पण जिथे खरं हवं तिथे गाडी विकून आणलं. रिलीजच्या वेळी आखाती युद्ध चालू म्हणून नावातला 'अटॅक' काढून नुसतं 'मॅसिव्ह' छापावं लागलं ते वेगळंच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मला भिंतीतलं काही कळत नाही. पण सॅम्पलचं पटलं.

---

क्रॉयडनची_काकू

निळी_रेघ, फ्लेक्स म्हणालास ते काही मला आवडलं नाही हं. तू ब्रिक्स्टनला ये एकदा. ट्यूबमधून बाहेर आलं की समोर रस्त्यापलीकडच्या गल्लीत रॉक गायक डेव्हिड बोवी आहे, 'अलॅडिन सेन' अल्बमच्या कव्हरवरचा, चेहऱ्यावर वीज. जिमी सी नावाच्या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने 2013 ला काढलेला, ठिपक्या ठिपक्यांनी. तेव्हा येणारे जाणारे फोटो काढायचे आणि पुढे जायचे, मी पण त्यातलीच, हातात भाजीच्या पिशव्या. मग 10 जानेवारी 2016 ला बोवी गेला, दुसऱ्या दिवशी बातमी आली आणि संध्याकाळी बघते तर तिथे पाय ठेवायला जागा नाही. फुलं, मेणबत्त्या, चिठ्ठ्या, कोणी गिटार आणलेली, शेकडो लोक गातायत. बोवी ब्रिक्स्टनलाच जन्मलेला, तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर. एवढ्या मोठ्या लंडनमध्ये लोकांना जायला दुसरी जागाच सुचली नाही. कबर नाही, पुतळा नाही, म्हणून भिंत.

मग मला सांग, चित्र दुसऱ्याने काढलं म्हणून ते खोटं झालं का? मी काय रॉक म्युझिकवाली नाही, माझं आयुष्य आशाबाई आणि किशोरीताईंवर गेलं, लेकीमुळे बोवी कळला. पण त्या गर्दीत मला सुद्धा रडू आलं. आपल्याकडे किशोरीताई गेल्या तेव्हा मी इथे किचनमध्ये एकटीच 'सहेला रे' लावून बसले होते, जायला कुठे नव्हतंच. तेव्हा वाटलं, असती एखादी भिंत.

आता त्याला प्लास्टिकची काच लावलीये, ते जरा बघवत नाही.

---

नियमानुसार

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून विचारतो, भिंत कोणाची? मालकाला विचारलं का? आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला दर निवडणुकीला कोणीतरी चिन्ह रंगवून जातं, आम्ही चुना मारतो, परत रंगवतात. लघवी करू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावल्या त्या कोपऱ्यात. त्यालाही स्ट्रीट आर्टच म्हणायचं का. परदेशात केलं की कला आणि इथे केलं की विद्रूपीकरण, एवढाच फरक दिसतो. तिथे पोलीस काहीच करत नाहीत का?

---

निळी_रेघ

काकू, बोवीचं मान्य. म्हणजे तिथे चित्रापेक्षा लोकांनी जे केलं ते मोठं असं मी म्हणेन, पण मान्य. आणि 'असती एखादी भिंत' हे वाचून गप्पच झालो.

नियमानुसार साहेब, करत होते की. 1989 ला इथे ऑपरेशन अँडरसन म्हणून मोठी धाड पडली, बार्टन हिलच्या युथ क्लबवर पोरं बिनधास्त रंगवायची, तिथलीच बरीचशी उचलली. आणि मालकाचं म्हणाल तर लय गंमत आहे. पार्क स्ट्रीटजवळ बँक्सीचा खिडकीला लटकलेला नागडा माणूस आहे, 2006 चा, कौन्सिलने पुसायचं का राहू द्यायचं म्हणून ऑनलाइन कौल घेतला, बहुतेक सगळे म्हणाले राहू द्या. 2014 ला तर एका मुलांच्या क्लबाजवळ दारावर बँक्सीचं चित्र सापडलं, क्लब पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होता, कौन्सिल म्हणे आमचं, क्लब म्हणे आमचं, शेवटी बँक्सीने पत्र लिहून कळवलं की क्लबला द्या. ते 4 लाख 3 हजार पौंडाला गेलं. म्हणजे भिंत कोणाची हा प्रश्न तुमचा बरोबरच आहे, पण भाव कळल्यावरच सगळ्यांना तो पडतो.

---

तारपा_वाजवा

मी डहाणूकडची. आपल्याकडे कुठे आहे का असं विचारलंय म्हणून लिहिते, नाहीतर मी नुसती वाचणारी.

वारली चित्रं सगळ्यांना माहीत आहेत, कुर्त्यावर, कपावर, विमानतळावर. पण मुळात ती लग्नाची भिंत आहे. घरात लग्न असलं की कुडाची भिंत शेणाने सारवतात, वर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आमच्याकडे चौक काढत नाहीत, लिहितात. लिहिणाऱ्या सवाशिणी. चौकाच्या मधे पालघाट देवी. आणि हे चालू असताना धवलेरी गात असते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, आमच्यात ते काम बाईचं. तिची गाणी आणि भिंत सोबतच होतात, गाणं झाल्याशिवाय चौकात देव येत नाही असं म्हातारी माणसं म्हणतात. लग्न उरकलं की त्या भिंतीचं पुढे काही नाही. पावसाळ्यात ओल येते, परत सारवतात.

सही नाही, फोटो नाही. नंतर सत्तरच्या दशकात कागद आला, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी लग्नाशिवाय चित्रं काढायला घेतली, पुरुष काढायला लागले, त्यांना 2011 ला पद्मश्री मिळाली, ते 2018 ला गेले. त्यांचं काम मोठंच आहे, त्यांची रेघ थरथरते तशी मला अजून कोणाची दिसली नाही. पण कागदावर धवलेरी आली नाही. ती तिकडेच राहिली लग्नात. चित्रात गाणं दिसतं ते तारप्याचं, मधे तारपा वाजवणारा आणि भोवती हातात हात घालून नाचणारे, ते सगळ्यांना आवडतं कारण गोल छान दिसतो. तारपा दुधीचा असतो, ताडाची पानं लावलेला, वाजवणाऱ्याकडे पाठ करायची नाही असा नाचातला नियम आहे.

आता गावात पक्की घरं झाली, टाइल्सवर चौक बसत नाही. माझ्या चुलतभावाच्या लग्नात चौक झाला आणि डीजे पण झाला. धवलेरीला डीजेवाल्याने माइक दिला तर तिने घेतला नाही, मग यालाच आवाज बंद करावा लागला थोडा वेळ.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच की आमच्यात गाणारीचा चेहरा भिंतीवर कधीच नव्हता, तिचं गाणं होतं.

---

चाळीतला_बेस

तारपा, तू नुसती वाचणारी राहू नकोस, लिहीत जा.

---

लोकल_लेट_आहे

तारपा_वाजवा यांच्यानंतर लिहायला लाज वाटतेय पण मुंबईचं कोणीच काढलं नाही म्हणून. स्वदेसी ऐका. मुंबईतल्या पोरांचा हिपहॉप ग्रुप, त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. 2019 ला त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' आलं, आरेच्या जंगलावरून, त्यात आरेतले प्रकाश भोईर स्वतः गायलेत, मेट्रो कारशेडच्या विरोधात जे उभे होते ते. म्हणजे वारली, गाणं, हिपहॉप सगळं एका ट्रॅकमध्ये, आणि मुद्दा जंगलाचा. यातला एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार 2022 ला गेला, चोविशीतलं पोरगं, ऐकताना अजून जड जातं.

धारावीत पण हिपहॉपची शाळाच आहे, धारावी ड्रीम प्रोजेक्टची, रॅप, बीटबॉक्स, बी-बॉइंग (ब्रेकडान्स) आणि ग्राफिटी सगळं एका जागी शिकवतात, फी नाही. ब्रिस्टलवाल्या भाऊंना हवंय ते हेच ना, एकच पोरगं सकाळी भिंत आणि संध्याकाळी माइक.

बाकी बांद्र्याला चॅपल रोडला रणजित दहियाची सिनेमावाली भिंतचित्रं आहेत, अनारकली वगैरे, ती निळी_रेघच्या भाषेत फ्लेक्स प्रकारातली, पण मला आवडतात, कारण तो मुद्दाम जुन्या सिनेमाच्या पोस्टर पेंटरांच्या स्टाइलने काढतो आणि ती कला फ्लेक्सनेच मारली. म्हणजे फ्लेक्स म्हणून नावं ठेवायची ती निदान त्याला नको. जी-20 च्या वेळी मुंबईभर ज्या भिंती रंगवल्या त्यांच्याबद्दल मात्र काय बोलायचं ते बोला, फुलपाखरं आणि कमळं, रंगवणाऱ्यालाही कंटाळा आलेला दिसतो.

---

निळी_रेघ

हे सगळं वाचून मीच माझा प्रश्न परत वाचला. 'चेहरा नव्हता, गाणं होतं' हे मला इतकी वर्षं नीट मांडता येत नव्हतं. स्वदेसी लावलंय आत्ता, मवालीचं मराठी ऐकून शेजारच्या पोलिश बाईने विचारलं हे कुठलं, तिला पाठवली लिंक.

भावाचा प्लॅन असा करतोय. सेंट पॉल्सपासून सुरुवात, कारण तिथे मिशेल कर्टिसने काढलेली 'सेव्हन सेंट्स' आहेत, कार्निव्हल सुरू करणाऱ्या कॅरिबियन वस्तीतल्या माणसांचे घरांवर मोठे चेहरे. हो हो, चेहरेच. पण ही माणसं त्याच गल्ल्यांतली आणि चित्रकार पण तिथलीच, त्यामुळे तिथे माझी तक्रार चालत नाही, काकू खूष असतील. मग स्टोक्स क्रॉफ्ट, मग खाली ब्रिस्टल बीकन. त्या हॉलचं नाव आधी कोल्स्टन हॉल होतं, गुलामांच्या व्यापाऱ्यावरून, म्हणून मॅसिव्ह अटॅक स्वतःच्या गावात असूनही तिथे वाजवत नव्हते. 2020 ला जूनमध्ये लोकांनी कोल्स्टनचा पुतळा ओढून बंदरात टाकला आणि सप्टेंबरमध्ये हॉलचं नाव बदललं. पुतळा आता एम शेड म्युझियममध्ये आडवा ठेवलाय, अंगावरच्या रंगासकट. आता तोही स्ट्रीट आर्ट म्हणायचा का ते नियमानुसार साहेबांनी ठरवावं.

---

नियमानुसार

आडवा ठेवला तर चालेल. एम शेडला तिकीट आहे का?

---

निळी_रेघ

फुकट आहे. सोमवारी सहसा बंद असतं.