शिक्षा दरवाढीची नव्हती

'डाराप्रिम' या टोक्सोप्लाझ्मोसिस नावाच्या परजीवी संसर्गावरील औषधाची किंमत वाढवल्याबद्दल अमेरिकी औषध उद्योजक मार्टिन श्क्रेली तुरुंगात गेला, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे. ते तसे नाही. २०१५ मध्ये त्याच्या ट्युरिंग कंपनीने अमेरिकेत या गोळीचा भाव साडेतेरा डॉलरवरून ७५० डॉलरवर नेला, परंतु २०१७ मध्ये तो दोषी ठरला गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल. औषधाबाबतचा निकाल २०२२ मध्ये लागला, तोही मक्तेदारीविरोधी कायद्याखाली: त्याच औषधाची स्वस्त, जेनेरिक आवृत्ती बनवू पाहणाऱ्या उत्पादकांना तुलनात्मक चाचणीपुरत्याही मूळ गोळ्या मिळू नयेत म्हणून वितरण जखडून ठेवल्याचे सिद्ध झाल्याने न्यायालयाने त्याला औषध उद्योगातून आजन्म बाद केले आणि सुमारे ६.४६ कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला. रुग्णांना लुबाडणारी नुसती दरवाढ तिथल्या संघीय कायद्यात गुन्हाच नाही, हे मला सर्वांत संतापजनक वाटते.