जळगावची मेंटेनन्सची नोकरी, चाकणची ऑफर की रेल्वेची परीक्षा?

प्रश्न (यावल तालुका, नोकरी जळगाव)

नमस्कार. मी विद्युत अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून जळगाव एमआयडीसीतील पीव्हीसी पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स विभागात काम करतो. वय 25 असून नोकरीचे चौथे वर्ष सुरू आहे. मूळ वेतन 12,000 रुपये असून सर्व कपात होऊन हातात 17,200 येतात. गाव तापीच्या पलीकडे असल्यामुळे मोटारसायकलने रोजची ये-जा करतो आणि महिन्याला साधारण तीन हजारांचे पेट्रोल लागते. घरचे जेवण आणि घरचे छप्पर आहे, शिवाय केळीच्या कापणीच्या दिवसांत वडिलांना माझा हातभार लागतो.

चाकण येथील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करण्यासाठी मला वार्षिक 3 लाख 36 हजारांची, म्हणजे महिना 28,000 रुपयांची ऑफर आली आहे. मित्र म्हणतात की डोळे झाकून जावे. वडिलांचे म्हणणे असे की वय आहे तोवर रेल्वेचे फॉर्म भरावेत. थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करावी, असा तिसरा विचारही माझ्या मनात आहे. मला दहावीपासून चष्मा आहे, हेही सांगून ठेवतो. या तीन वाटांची तुलना नेमकी कशाच्या आधारे करावी? आज मिळणाऱ्या पगारापेक्षा पुढील पाच वर्षांत कोणती वाट खरोखर वर नेईल, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर 1 (लेखा विभागातील नोकरी, शिरपूर)

भाऊ, 28,000 हा तुमचा पगार नाही, तो कंपनीचा तुमच्यावरील एकूण खर्च आहे. ऑफरच्या पत्रासोबत वेतनाचे विवरण आले असेल, तर कृपया ते येथे लिहा, म्हणजे नेमके बोलता येईल.

प्रश्नकर्ता

विवरण असे आहे : मूळ वेतन व महागाई भत्ता 15,000, इतर भत्ते 7,500, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा 1,800, ग्रॅच्युइटी 721, बोनस 1,250 आणि उरलेले 1,729 रुपये कॅन्टीन, बस व विमा यांचे.

उत्तर 1 (पुढे)

मग हिशेब सरळ आहे. दरमहा मिळणारे वेतन 22,500. त्यातून तुमच्या बाजूचा भविष्यनिर्वाह निधी 1,800 आणि व्यवसायकर 200 (फेब्रुवारीत 300) वजा केल्यास हातात सुमारे 20,500 येतील. बोनस वर्षातून एकदा मिळेल, आणि ग्रॅच्युइटीची रक्कम कागदावर दिसली तरी ती नोकरी सोडताना, तीही अटी पूर्ण झाल्यावरच मिळते. चाकणला खोली व खाणावळ यांचे आठ-साडेआठ हजार धरले तर खिशात बारा हजार उरतात. आज पेट्रोल वजा जाता तुमच्याकडे 14,200 उरतात. म्हणजे पहिल्या वर्षी आपल्या हाती आजच्यापेक्षा दोन हजार कमीच राहणार आहेत, आणि गावी येण्या-जाण्याचे भाडे यात धरलेलेच नाही. जाऊ नका असे मी म्हणत नाही, पण पैशांसाठी जात आहोत असे समजून जाऊ नये.

दुसरी गोष्ट आरोग्यविम्याची. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा 21,000 आहे. सध्या तुमच्या पगारातून ती वर्गणी कापली जात असेल, तर अवलंबित आई-वडिलांच्या उपचारांचा लाभ त्यात मिळू शकतो. नव्या ठिकाणी तो विमा लागू राहील की खाजगी विमा असेल, आणि खाजगी असल्यास त्यात आई-वडील धरले आहेत का, हे लेखी विचारून घ्या.

ग्रॅच्युइटीसाठी सध्याच्या नोकरीत पाच वर्षे पूर्ण करावीत, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मूळ वेतन 12,000 भागिले महिन्याचे 26 दिवस, गुणिले दर वर्षाचे 15 दिवस, गुणिले 5 वर्षे असे केले तर साधारण 34,600 रुपये होतात. एवढ्या रकमेसाठी चांगली संधी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भविष्यनिर्वाह निधी मात्र काढून न घेता त्याच यूएएन क्रमांकावर (नोकरी बदलली तरी कायम राहणारा निधीचा क्रमांक) नव्या नोकरीत वर्ग करावा, कारण निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा त्यातूनच जोडली जाते.

उत्तर 2 (मूळची धुळ्याची, सध्या चाकण)

मीही पदविकेनंतर इकडे आले आणि आज मशिनच्या ऑटोमेशनचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वरील हिशेब बरोबर आहे. पण चाकणला आलेल्या दोन पदविकाधारकांमध्ये पाच वर्षांनी जो फरक पडतो, त्याची कारणे पहिल्या पगारात सापडत नाहीत. एक जण पाच वर्षे कॉन्टॅक्टर, सेन्सर असे बिघडलेले सुटे भाग बदलत राहतो आणि दरवर्षी हजार-बाराशेंच्या वाढीवर समाधान मानतो. दुसरा पॅनेलच्या आत पीएलसीमध्ये, म्हणजे मशिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, काय चालले आहे ते वाचायला शिकतो आणि त्यानंतरची प्रत्येक नोकरी त्या एका कौशल्यावर मागतो.

तुमच्याच कारखान्याचे उदाहरण घ्या. एक्स्ट्रूडर, म्हणजे पाइप ओतणारे मशिन, रात्री बंद पडला की हीटर, थर्मोकपल आणि ड्राइव्हवरील फॉल्ट तुम्हीच पाहत असाल. त्यातून दोष सापडला नाही, तर मशिन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर लॅपटॉप घेऊन येतो, केबल जोडतो आणि पडद्यावर लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) उघडून कोणता इनपुट येत नाही ते काही मिनिटांत सांगतो. त्या वेळी आपला माणूस बहुधा टॉर्च धरून बाजूला उभा असतो. तुम्ही त्याच्या शेजारी बसून पडद्यावर काय दिसते ते विचारा. प्रोग्रामचा बॅकअप कारखान्याकडे आहे का, ते पाहा. अनेक ठिकाणी तो नसतो आणि तो घेऊन ठेवण्याची जबाबदारी मागितली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. पीएलसीचे वर्ग पुण्यात भरपूर आहेत, परंतु चालू मशिनवर शोधलेल्या एका दोषाइतके ते शिकवत नाहीत. मुलाखतीत मला पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की शेवटचा मोठा ब्रेकडाऊन कोणता होता आणि तो कसा शोधला.

म्हणून ऑफर देणाऱ्यांना दोन गोष्टी विचारा. काम नेमके कोणत्या मशिनवर आहे, आणि नियुक्तिपत्र कंपनीचे आहे की कंत्राटदाराचे. आमच्या भागात पदविकाधारकांना कंपनीचे नाव सांगून कंत्राटदाराच्या रोलवर घेणे सर्रास चालते. पत्र कंत्राटदाराचे असेल तर वर्षभराने नूतनीकरण, वाढ आणि अनुभवाचा दाखला या सर्वच बाबतींत तुमची बाजू कमकुवत राहते. जादा तासांचा मोबदला कायद्यानुसार दुप्पट दराने द्यावा लागतो. तो कोण देणार, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्या.

पदवीबद्दल माझे मत असे की थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेतला तरी तीन वर्षे पगार बंद राहील, म्हणजे शुल्क न धरताही सहा लाखांहून अधिक रक्कम बुडते. महानिर्मितीतील सहायक अभियंत्यासारखी पदवी लागणारी पदे हेच ध्येय असेल, तर ती रक्कम सार्थकी लागते. निव्वळ नावापुढे पदवी हवी म्हणून नको.

उत्तर 3 (रेल्वेतून निवृत्त, भुसावळ)

वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही, परंतु रेल्वे म्हणजे कोणते पद, हे आधी ठरवावे लागेल. चष्म्यामुळे सहायक लोको पायलटची वाट तुमच्यासाठी बंद आहे. त्या पदासाठी चष्म्याविना पूर्ण दृष्टी लागते आणि लेझर शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवारही चालत नाही. भुसावळात मुले वर्ष-वर्ष अभ्यास करतात आणि वैद्यकीय तपासणीत बाद होतात, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुमच्यासाठी योग्य पद कनिष्ठ अभियंत्याचे आहे. पदविकेवर अर्ज करता येतो. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन 35,400 आहे आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. सहायक लोको पायलटची सुरुवात 19,900 पासून होते. त्यांना गाडीवरील कामाचा रनिंग भत्ता मिळतो हे खरे, तरी मूळ वेतनातील अंतर तुमच्या लक्षात येईल. जाहिरातीत प्रत्येक पदासमोर वैद्यकीय श्रेणी दिलेली असते. चष्मा चालणारी श्रेणी पाहूनच पसंतीक्रम भरा.

मात्र माझ्यासारख्यांचे निवृत्तिवेतन पाहून निर्णय घेऊ नये. 1 जानेवारी 2004 पासून सेवेत आलेल्यांना जुनी योजना सरसकट लागू नाही. शिवाय जाहिरात निघण्यापासून रुजू होईपर्यंत बराच काळ जातो, तेव्हा नोकरी सोडून अभ्यासाला बसण्याचा विचारही करू नका.

उत्तर 4 (नंदुरबार)

सरकारी वीज कंपन्यांकडे पाहणाऱ्यांसाठी एक माहिती. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री अभ्यासक्रम लागतो आणि 2023 च्या जाहिरातीत पहिल्या तीन वर्षांचे मानधन अनुक्रमे 15,000, 16,000 व 17,000 असे होते. पदविकाधारकांनी या कंपन्यांमध्ये कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. त्याखेरीज राज्य शासनाचा विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना अवश्य काढा. पदविकेला अनुभवाचे प्रमाणपत्र जोडून तो मिळवता येतो आणि विद्युत ठेकेदारांना असा परवानाधारक माणूस ठेवावाच लागतो. साक्रीकडील सौर व पवन प्रकल्पांच्या कामांतही त्याची विचारणा होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे चौकशी केली, तेव्हा नियुक्तिपत्र कंत्राटदाराचे असल्याचे समजले आणि काम असेंब्ली लाइनच्या दैनंदिन देखभालीचे आहे. त्यामुळे ही ऑफर मी नाकारत आहे. जळगावातच राहून पीएलसीचे काम मागून घेईन, पर्यवेक्षकाचा परवाना काढेन आणि काका म्हणतात त्या पदाचा अभ्यास सुरू करेन. एकच अडचण आहे : माझ्या नियुक्तिपत्रावर पदनाम ‘ऑपरेटर’ असे आहे. परवान्यासाठी हे चालेल का?

उत्तर 1

हे आजच दुरुस्त करण्यासारखे आहे. पदनाम बदलून देण्याचा अर्ज करा. ते जमत नसेल, तर कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचे पत्र घ्या. त्यात नोकरीचा कालावधी, विद्युत देखभालीचे स्वरूप, हाताळलेल्या उपकरणांचा विद्युतदाब व जोडभार यांचा स्पष्ट उल्लेख असावा. अर्ज करताना आतापर्यंतच्या देखभाल नोंदवहीतील तुमच्या सह्यांच्या पानांच्या प्रती सोबत ठेवा, म्हणजे व्यवस्थापकांनाही पत्रावर सही करणे सोपे जाईल. आणि हे पत्र नोकरीत असतानाच घ्या, कारण राजीनाम्यानंतर ते मिळवायला महिने लागतात.